अदृश्याचा मागोवा

खडूचा एक तुकडा घ्या आणि त्याचे दोन भाग करा. त्यांतील एका भागाचे पुन्हा दोन भाग करा. असे करीत गेलात तर थोड्याच वेळात बोटांना चिकटलेल्या पांढऱ्या भुकटीखेरीज हाती काही उरणार नाही. पण समजा, त्या भुकटीचा प्रत्येक कणही तोडता आला, तर हे तोडणे कोठवर चालेल? त्याला कोठे तरी शेवट असेल की नाही?

हा प्रश्न फार प्राचीन आहे. आपल्या देशात कणाद ऋषींनी आणि ग्रीस देशात डेमॉक्रिटस या तत्त्ववेत्त्याने त्यावर विचार केला होता. पदार्थाचे भाग पाडीत गेल्यास ज्याचा आणखी भाग होऊ शकत नाही असा अतिसूक्ष्म कण शेवटी उरेल, असे त्यांचे अनुमान होते. अनुमान बुद्धीच्या बळावर करता येते. परंतु ते खरे की खोटे, याचा निवाडा प्रयोगानेच होतो. असे प्रयोग करण्याचे सामर्थ्य मनुष्याच्या अंगी येण्यास पुढे दोन हजारांहून अधिक वर्षे जावी लागली.

डोळ्यांना जे दिसत नाही, इतकेच नव्हे तर उत्तमातल्या उत्तम सूक्ष्मदर्शकालाही जे दिसत नाही, ते पाहावयाचे कसे? खोल आणि अंधाऱ्या विहिरीत पाणी आहे किंवा नाही, हे आपणांस वरून दिसत नाही. अशा वेळी आपण तीत एक खडा टाकतो आणि कान देऊन ऐकतो. ‘डुबुक’ असा आवाज आला तर पाणी आहे, ‘खट्’ असा आला तर विहीर कोरडी, हे आपण ओळखतो. अणूच्या अंतरंगाचा शोध घेणाऱ्या शास्त्रज्ञांनीही हाच मार्ग पत्करला. इंग्लंडमधील मँचेस्टर येथे रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत सोन्याच्या अत्यंत पातळ पत्र्यावर सूक्ष्म कणांचा मारा करण्यात आला. बहुतेक कण पत्र्यातून आरपार निघून गेले. मात्र काही थोडे कण भिंतीवर आपटलेल्या चेंडूप्रमाणे मागे फिरले. त्यावरून १९११ साली रदरफर्ड यांनी असा निष्कर्ष काढला, की अणू बहुतांशी पोकळ असून त्याच्या मध्यभागी एक लहानसे पण भारी केंद्र असते. पुढे या अणुकेंद्रात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन आढळले, आणि त्या प्रोटॉनांच्या पोटात क्वार्क नावाचे त्याहूनही सूक्ष्म कण असल्याचे कळून आले. खडूचा तुकडा तोडता तोडता मनुष्य अशा रीतीने मूलकणांपर्यंत येऊन पोहोचला.

येथे एक नवाच प्रश्न उभा राहिला. या मूलकणांपैकी काहींना वस्तुमान आहे, तर काहींना ते मुळीच नाही. इलेक्ट्रॉनाला थोडे वस्तुमान आहे. काही क्वार्कांना पुष्कळ आहे. प्रकाशाच्या कणाला मात्र अजिबात नाही. हा भेद कशामुळे पडला? १९६४ साली ब्रिटनमधील पीटर हिग्ज यांनी, तसेच बेल्जममधील रॉबर्ट ब्राउट आणि फ्रांस्वा एंग्लर्ट या दोघांनी, परस्परांपासून स्वतंत्रपणे एक कल्पना मांडली. त्याच वर्षी आणखी तिघा शास्त्रज्ञांनीही तशीच कल्पना मांडली. तिचे सार असे, की सर्व विश्व एका अदृश्य क्षेत्राने व्यापलेले आहे. जे मूलकण या क्षेत्राशी संबंध जोडतात त्यांना वस्तुमान प्राप्त होते, जे जोडीत नाहीत ते वस्तुमानावाचून राहतात.

चिखलणी केलेले भाताचे खाचर तुम्ही पाहिले असेल. त्यावरून बगळा उडत जातो, त्याला चिखलाचा स्पर्शही होत नाही. लहान मुलाचा पाय घोट्यापर्यंत रुततो, तर बैलाचा गुडघ्यापर्यंत. चिखल तोच, पण प्रत्येकाशी त्याचा संबंध निराळा. मूलकणांचे या अदृश्य क्षेत्राशी काहीसे असेच नाते आहे. मात्र कोणतीही उपमा एकाच अंगाने घ्यावयाची असते. चिखलात चालणारा दमतो आणि थांबतो. या क्षेत्रातून जाणारा कण तसा थांबत नाही. त्याचा वेग वाढविणे किंवा कमी करणे तेवढे कठीण होते, आणि यालाच आपण वस्तुमान म्हणतो.

कल्पना सुंदर होती. पण सुंदर कल्पना खरीच असते असे नाही. हिग्ज यांनी दाखवून दिले होते, की असे क्षेत्र खरोखर असेल तर त्याचा स्वतःचा असा एक कणही असला पाहिजे. तो सापडला तर कल्पना खरी, कसून शोध घेऊनही सापडला नाही तर खोटी. या कणाला ‘हिग्ज बोसॉन’ असे नाव पडले. यांतील ‘बोसॉन’ हा शब्द आपल्या सत्येंद्रनाथ बोस यांच्या नावावरून आलेला आहे. १९२४ साली ढाका येथून बोस यांनी आपला एक निबंध आइन्स्टाइन यांच्याकडे पाठविला. आइन्स्टाइन यांनी त्याचे स्वतः जर्मन भाषेत भाषांतर करून तो प्रसिद्ध करविला. त्या निबंधातील नियमाने वागणाऱ्या कणांच्या सर्व वर्गालाच पुढे ‘बोसॉन’ म्हणू लागले.

आता हा कण शोधावयाचा कोठे? तो कोठे साठवून ठेवलेला नसतो. जन्मताच तो नाहीसा होतो. म्हणून तो नव्याने निर्माण करावा लागतो. ऊर्जेचे वस्तुमानात रूपांतर होऊ शकते, हा आइन्स्टाइन यांचा सिद्धान्त येथे उपयोगी पडला. दोन प्रोटॉन प्रचंड वेगाने एकमेकांवर आदळले, तर त्यांच्या ऊर्जेतून त्यांच्याहून कितीतरी भारी कण जन्मास येऊ शकतो. हिग्ज बोसॉन हा प्रोटॉनाच्या सुमारे १३३ पट भारी आहे. आवळा देऊन कोहळा काढणे ही म्हण आपण नेहमी वापरतो. येथे ती अक्षरशः खरी ठरते. मात्र निसर्गाच्या बाजारात फुकट काही मिळत नाही. कोहळ्याचे मोल ऊर्जेच्या रूपाने आधी मोजावे लागते.

ते मोल मोजण्यासाठी जगातील सर्वांत मोठे यंत्र उभारण्यात आले. स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा शहराजवळ ‘सर्न’ नावाची संशोधनसंस्था आहे. दुसऱ्या महायुद्धाने युरोप खंड उद्ध्वस्त झाल्यावर, १९५४ साली बारा देशांनी एकत्र येऊन ती स्थापन केली. काही वर्षांपूर्वी एकमेकांविरुद्ध लढलेले देशही त्यांत होते. या संस्थेच्या परिसरात, एकीकडे जुरा पर्वत आणि दुसरीकडे जिनीव्हाचे सरोवर यांच्या मध्ये, जमिनीखाली ५० ते १७५ मीटर खोलीवर एक वर्तुळाकार बोगदा आहे. त्याचा परीघ सुमारे २७ किलोमीटर असून त्याचा काही भाग स्वित्झर्लंडमध्ये, तर बराचसा फ्रान्समध्ये येतो. याच बोगद्यात ‘लार्ज हॅड्रॉन कोलायडर’ हे यंत्र बसविलेले आहे. प्रोटॉन ज्या वर्गात मोडतो त्या वर्गाच्या कणांना ‘हॅड्रॉन’ म्हणतात, आणि त्यांची टक्कर घडवून आणणारे यंत्र म्हणून ते ‘कोलायडर’.

शेताची राखण करणारा राखणदार गोफण कशी फिरवितो, ते आठवा. प्रत्येक फेऱ्यागणिक तो तिला जोर देतो, म्हणून गुंड्याचा वेग वाढत जातो. आणि दोरीने धरून ठेवल्यामुळे गुंडा वर्तुळातच फिरत राहतो. कोलायडरची रचना याच तत्त्वावर केलेली आहे. हायड्रोजन वायूपासून प्रोटॉन वेगळे काढून त्यांना आधी लहान यंत्रांतून वेग देतात आणि नंतर मोठ्या वर्तुळात सोडतात. तेथे प्रत्येक फेरीत विद्युत्शक्तीचा धक्का देऊन त्यांचा वेग आणखी वाढवितात. गोफणीची दोरी जे काम करते, ते काम येथे लोहचुंबक करतात. प्रोटॉनांचा मार्ग वळविणारे असे १२३२ लोहचुंबक या बोगद्यात आहेत. त्यांतील प्रत्येकाची लांबी १५ मीटर आणि वजन सुमारे ३५ टन आहे.

हे लोहचुंबक विजेवर चालतात. साध्या तारेतून इतकी वीज वाहू दिली तर ती तार तापून वितळून जाईल. परंतु काही धातू अतिशय थंड केले असता त्यांतून वीज मुळीच अडथळा न होता वाहू लागते. म्हणून हे लोहचुंबक द्रवरूप हेलियमच्या साहाय्याने शून्याखाली सुमारे २७१ अंश सेल्सियसपर्यंत थंड ठेवतात. ताऱ्यांमधील अफाट अवकाशही इतके थंड नाही! प्रोटॉन ज्या नळ्यांतून धावतात त्या नळ्यांतील हवा काढून टाकून त्या ग्रहांमधील अंतराळाइतक्या रित्या केलेल्या असतात. नाहीतर हवेच्या कणांवर आदळून प्रोटॉन वाटेतच भरकटतील.

पायी चालणाऱ्या माणसास या बोगद्याची एक प्रदक्षिणा करण्यास पाच-सहा तास लागतील. पूर्ण वेग घेतलेला प्रोटॉन एका सेकंदात अशा ११,००० हून अधिक प्रदक्षिणा करतो. प्रकाश एका सेकंदात सुमारे तीन लक्ष किलोमीटर जातो. प्रोटॉन त्याच्याहून मागे पडतो, पण किती? एका सेकंदात अवघे तीन मीटर! असे प्रोटॉनांचे दोन झोत दोन निरनिराळ्या नळ्यांतून विरुद्ध दिशांनी धावत असतात आणि चार ठिकाणी त्यांना समोरासमोर आणले जाते. प्रत्येक झोत हा प्रोटॉनांच्या पुंजक्यांचा बनलेला असून एकेका पुंजक्यात दहा हजार कोटींच्या आसपास प्रोटॉन असतात. इतके असूनही दोन पुंजके एकमेकांतून जाताना केवळ काही दहांच्या संख्येत टकरी होतात, कारण प्रोटॉन अत्यंत लहान आहेत. परंतु पुंजक्यांची ही गाठभेट सेकंदाला सुमारे चार कोटी वेळा घडते. त्यामुळे एकंदर टकरींची संख्या सेकंदाला शंभर कोटींच्या घरात जाते.

अशा यंत्राचे काम किती नाजूक असते, याचे एक नवल सांगण्यासारखे आहे. याच बोगद्यात १९८९ ते २००० या काळात दुसरे एक यंत्र चालत असे. त्याच्या झोतात काही नियमित चढउतार दिसत. कारण शोधता शोधता असे आढळले, की चंद्राच्या आकर्षणाने जशी समुद्राला भरती येते, तशीच पृथ्वीचा खडकही किंचित फुगतो, आणि २७ किलोमीटरच्या या वर्तुळाची लांबी सुमारे एक मिलिमीटरने कमीजास्त होते! तेवढा फरकही त्या यंत्राच्या लक्षात येत होता.

नव्या कोलायडरमध्ये १० सप्टेंबर २००८ रोजी प्रोटॉनांचा पहिला झोत यशस्वीपणे फिरविण्यात आला. सर्वत्र आनंदीआनंद झाला. परंतु तो नऊच दिवस टिकला. १९ सप्टेंबर रोजी दोन लोहचुंबकांना जोडणारा विजेचा एक सांधा सदोष निघाला. तो तापून वितळला, कित्येक टन हेलियम बोगद्यात पसरला आणि त्याच्या दाबाने अवजड लोहचुंबक जागचे हलले. ५३ लोहचुंबक जमिनीवर आणून दुरुस्त करावे किंवा बदलावे लागले. एका लहानशा सांध्यामुळे हजारो लोकांच्या परिश्रमांवर पाणी पडले. तरी कोणी हातपाय गाळले नाहीत. इतर सांधेही तपासण्यात आले, पुन्हा असे होऊ नये म्हणून नव्या योजना करण्यात आल्या, आणि नोव्हेंबर २००९ मध्ये यंत्र पुन्हा सुरू झाले. ३० मार्च २०१० रोजी त्यात पूर्वी कधीही न झालेल्या ऊर्जेच्या टकरी घडून आल्या.

त्या काळी काही लोकांच्या मनात भीतीही उत्पन्न झाली होती. या टकरींतून एखादे कृष्णविवर तयार होऊन ते पृथ्वीच गिळून टाकील, अशी ती भीती होती. शास्त्रज्ञांनी या शंकेची टर उडविली नाही. तिचा विचार करून उत्तर दिले. अंतराळातून पृथ्वीवर नित्य सूक्ष्म कणांचा वर्षाव होत असतो. त्यांतील काहींची ऊर्जा या यंत्रातील प्रोटॉनांच्या ऊर्जेपेक्षा पुष्कळच अधिक असते. असा वर्षाव कोट्यवधी वर्षे चालू आहे, तरी पृथ्वी आणि चंद्र आपापल्या जागी सुखरूप आहेत. मनुष्य जे करू पाहत होता, ते निसर्ग पूर्वीपासूनच करीत आला होता.

टकरी झाल्या, पण त्यांत काय निर्माण झाले, हे कसे ओळखावयाचे? रानातील जाणता वाटाड्या सकाळी ओल्या मातीवरील ठसे पाहून रात्री येथून कोणते जनावर गेले, ते किती मोठे होते, धावत गेले की सावकाश, हे सांगू शकतो. जनावर त्याने पाहिलेले नसते. कोलायडरमधील शोधकयंत्रे हेच काम करतात. जेथे झोत एकमेकांना भेटतात, तेथे जमिनीखालच्या विशाल दालनांत ती बसविलेली आहेत. त्यांतील ‘अ‍ॅटलास’ हे ४६ मीटर लांब आणि २५ मीटर उंच, म्हणजे सातआठ मजली इमारतीएवढे आहे. ‘सी. एम. एस.’ हे त्याहून आकाराने लहान असले, तरी त्याचे वजन १४,००० टन आहे. कांद्याच्या पाकळ्यांप्रमाणे या यंत्रांत एकावर एक थर असतात. आतील थर कणांचा मार्ग टिपतात, मधले थर त्यांची ऊर्जा मोजतात, आणि बाहेरचे थर सर्व अडथळे भेदून येणाऱ्या कणांची नोंद करतात.

हिग्ज बोसॉन जन्मल्यानंतर इतक्या अल्प काळात नाहीसा होतो, की शोधकयंत्राच्या पहिल्या थरापर्यंतही तो पोहोचत नाही. त्याच्या मोडण्यातून जे कण बाहेर पडतात तेच काय ते दिसतात. ते त्याचे ठसे होत. शिवाय तो अतिशय दुर्मिळ आहे. शंभर कोटींहून अधिक टकरी व्हाव्यात तेव्हा त्यांत एखादा हिग्ज बोसॉन निर्माण होतो. तो कधी कधी मोडून त्याचे दोन प्रकाशकण होतात. पण असे हजारांत दोनदाच घडते. सर्व टकरींची नोंद ठेवणे कोणत्याही संगणकाला शक्य नाही. म्हणून क्षणार्धात निवड करून सेकंदाला हजाराच्या आसपास महत्त्वाच्या टकरींचीच नोंद ठेवतात आणि बाकीच्या सोडून देतात.

आता खरी अडचण येथेच आहे. दोन प्रकाशकण इतर साध्या घडामोडींतूनही बाहेर पडतात. ठसे सारखेच; मग ते हिग्जचे की दुसऱ्याचे, हे कसे ओळखावे? यासाठी शास्त्रज्ञ प्रकाशकणांच्या प्रत्येक जोडीवरून, ती एकाच कणापासून निघाली असल्यास त्याचे वस्तुमान किती असावे, याचा हिशेब करतात आणि त्या आकड्यांचा आलेख काढतात. साध्या घडामोडींमुळे आलेखाची रेषा सरळ उतरत जाते. एखादा नवा कण खरोखर असेल, तर त्याच्या वस्तुमानाच्या जागी त्या रेषेवर लहानसा उंचवटा दिसू लागतो. परंतु असा उंचवटा निव्वळ योगायोगानेही दिसू शकतो.

नाणे उडवून पाहा. लागोपाठ चार वेळा छापा पडला, तर नाणे खोटे आहे असे कोणी म्हणणार नाही. कारण खऱ्या नाण्याच्या बाबतीतही असे सोळांत एकदा घडते. लागोपाठ दहा वेळा छापा पडला तर संशय येईल. बावीस वेळा पडला तर मात्र नाण्यात काही तरी आहे, असे खुशाल म्हणावे. कारण केवळ योगायोगाने तसे होण्याचा संभव सुमारे चाळीस लाखांत एक इतका थोडा आहे. मूलकणांच्या शास्त्रात जवळजवळ एवढीच कठोर कसोटी लावतात. दिसलेला उंचवटा योगायोगाने येण्याचा संभव पस्तीस लाखांत एक यापेक्षाही कमी असेल, तेव्हाच ‘शोध लागला’ असे म्हणावयाचे, असा दंडक आहे.

आणखीही एक दक्षता घेतली होती. हिग्जचा शोध अ‍ॅटलास आणि सी. एम. एस. या दोन यंत्रांवर दोन निरनिराळे संघ घेत होते. प्रत्येक संघात सुमारे तीन हजार माणसे होती. एका संघाने दुसऱ्याला आपला निष्कर्ष आधी सांगावयाचा नाही, असा नियम होता. दोन साक्षीदारांनी एकमेकांशी न बोलता एकच हकिकत सांगितली, तर तिच्यावर अधिक विश्वास ठेवता येतो, हे त्यामागील तत्त्व.

१३ डिसेंबर २०११ रोजी दोन्ही संघांनी आपापले आलेख जगापुढे मांडले. एकाच जागी दोघांनाही लहानसा उंचवटा दिसला होता. शोध लागला असे जाहीर करण्याचा मोह किती झाला असेल! परंतु कसोटी पुरी झालेली नव्हती. ‘आणखी टकरींची नोंद घेतल्यावाचून निश्चित काही सांगता येणार नाही,’ अशीच भूमिका दोन्ही संघांनी घेतली आणि ते पुन्हा कामाला लागले.

४ जुलै २०१२ हा दिवस उजाडला. सर्नच्या सभागृहात जागा मिळावी म्हणून तरुण संशोधक आदल्या रात्रीपासून रांगा लावून बसले होते. दोन्ही संघांच्या प्रमुखांनी आपापले निष्कर्ष सांगितले. दोघांचाही उंचवटा आता ठळक झाला होता, एकाच जागी होता, आणि दोघांनीही ती कठोर कसोटी पार केली होती. सभागृहात टाळ्यांचा गजर झाला. ८३ वर्षांचे पीटर हिग्ज त्या सभेस उपस्थित होते. त्यांनी डोळे पुसले. एंग्लर्टही तेथे होते. त्यांचे सहकारी ब्राउट मात्र आदल्याच वर्षी निवर्तले होते. तरुणपणी मांडलेल्या अनुमानाला प्रत्यक्षाचा आधार मिळण्यास ४८ वर्षे लागली होती. तरीही शास्त्रज्ञांनी त्या दिवशी ‘हिग्जसारखा एक नवा कण सापडला’ एवढेच म्हटले. त्याचे गुणधर्म तपासून, तो हिग्ज बोसॉन आहे असे मार्च २०१३ मध्ये सांगण्यात आले. त्याच वर्षी हिग्ज आणि एंग्लर्ट यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हिग्ज २०२४ साली, वयाच्या ९४ व्या वर्षी निधन पावले.

इतकी सावधगिरी खरोखरच आवश्यक होती काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर तीन वर्षांनी मिळाले. डिसेंबर २०१५ मध्ये दोन्ही संघांना आलेखात दुसऱ्याच एका जागी नवा उंचवटा दिसला. तो कण खरा असता, तर तो हिग्ज बोसॉनच्या सहापट भारी ठरला असता आणि पदार्थविज्ञानाची पुस्तके नव्याने लिहावी लागली असती. जगभरातील पंडितांनी त्यावर शेकडो निबंध लिहिले. पण प्रयोग करणाऱ्यांनी ‘शोध लागला’ असे म्हटले नाही. त्यांनी आणखी टकरींची नोंद घेतली. ऑगस्ट २०१६ मध्ये पाहतात तो उंचवटा नाहीसा झालेला! तो निव्वळ योगायोग होता. ज्यांनी धीर धरला, त्यांच्यावर शब्द मागे घेण्याची पाळी आली नाही.

कोलायडरमध्ये इतरही प्रयोग चालतात. ‘अ‍ॅलिस’ या शोधकयंत्रात शिशाच्या अणुकेंद्रांची टक्कर घडवून सूर्याच्या गर्भापेक्षा लक्षपटीने अधिक तापमान क्षणभर निर्माण करतात आणि विश्वाच्या जन्मानंतर लगेचच पदार्थ कसा होता, याचा अभ्यास करतात. ‘एल. एच. सी. बी.’ या यंत्रात पदार्थ आणि प्रतिपदार्थ यांच्या वागण्यातील सूक्ष्म भेद तपासतात. आरंभी दोन्ही सारख्याच प्रमाणात असावेत असे मानतात. मग आज आपल्या भोवती पदार्थच तेवढा का उरला, हे कोडे त्यामागे आहे.

या कार्यात आपल्या देशाचाही वाटा आहे. बोगद्यातील अवजड लोहचुंबक ज्यांवर टेकलेले आहेत आणि ज्यांच्या योगे ते केसभरही न चुकता जागेवर बसविता येतात, असे सुमारे सात हजार जॅक भारताने पुरविले. त्यांची आखणी इंदूर येथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राने केली होती. सी. एम. एस. यंत्रातील ऊर्जा मोजणाऱ्या एका बाहेरच्या थराच्या उभारणीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने भाग घेतला. २०१७ सालापासून भारत हा सर्नचा सहयोगी सदस्य आहे. येथे एकट्याचे असे काहीच नाही. २०१५ साली दोन्ही संघांनी मिळून हिग्ज बोसॉनचे वस्तुमान सांगणारा एक निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या ३३ पृष्ठांपैकी २४ पृष्ठे केवळ लेखकांच्या व त्यांच्या संस्थांच्या नावांनी भरली होती. कारण लेखक पाच हजारांहून अधिक होते!

या सर्व खटाटोपाचा उपयोग काय, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. हिग्ज बोसॉनने कोणाचे पोट भरत नाही, हे खरे. परंतु ज्ञानाच्या शोधात निघालेल्यास वाटेत अनेक उपयुक्त गोष्टी सापडतात. दूरदूरच्या शास्त्रज्ञांना एकमेकांची माहिती सहज मिळावी म्हणून सर्नमधील टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली एक योजना मांडली. तीच पुढे ‘वर्ल्ड वाइड वेब’ या नावाने जगभर पसरली. १९९३ साली सर्नने ती सर्वांना विनामूल्य वापरू दिली. आज घरोघरी लोक तिचा उपयोग करतात.

शोध अजून संपलेला नाही. जो पदार्थ आपणांस ठाऊक आहे, तो विश्वातील एकंदर संचयाचा अवघा पाच टक्के आहे. उरलेले काय आहे, हे उकलावयाचे आहे. यासाठी कोलायडरमध्ये आणखी सुधारणा करून टकरींची संख्या पुष्कळ वाढविण्याची योजना आखलेली आहे. कदाचित तुमच्यापैकी कोणी उद्या त्या बोगद्यात काम करील. त्याने किंवा तिने तेथे दोन गोष्टी बरोबर नेल्या पाहिजेत. एक, कोणताही प्रश्न विचारण्याचे धैर्य. आणि दुसरी, पुरेसा पुरावा हाती येईपर्यंत ‘अद्याप निश्चित नाही’ असे म्हणण्याचा प्रामाणिकपणा. यांतील दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अधिक कठीण आहे.

स्वाध्याय

१. अंधाऱ्या विहिरीचे उदाहरण लेखकाने कशासाठी दिले आहे?
२. भाताच्या खाचराची उपमा कोठे लागू पडते व कोठे लागू पडत नाही, ते स्पष्ट करा.
३. दोन निरनिराळ्या संघांनी एकच शोध स्वतंत्रपणे घेण्यात कोणता लाभ झाला?
४. डिसेंबर २०११ आणि डिसेंबर २०१५ या दोन प्रसंगांची तुलना करा.
५. ‘आवळा देऊन कोहळा काढणे’, ‘हातपाय गाळणे’, ‘पाणी पडणे’ यांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.
६. एक नाणे शंभर वेळा उडवा. लागोपाठ सर्वांत अधिक किती वेळा छापा पडला, ते लिहून ठेवा व वर्गातील इतरांच्या नोंदींशी ताडून पाहा.